ओपिऑइड (हेरॉइनसारखे अफूवर्गीय पदार्थ) बंद झाल्यावर कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) कधी ताळ्यावर येतं?

समुपदेशक_मनीषा
हेरॉइन सोडून तीन-चार आठवडे झालेल्या काही जणांना पहाटे दचकून जाग येते, छाती धडधडते, क्षुल्लक गोष्टीवरून भडका उडतो. जुलाब, अंगदुखी कधीच थांबलीय. घरचे म्हणतात, "आता कसला त्रास? नाटकं आहेत." कॉर्टिसॉल तपासून घ्यावं का? आणि हे चालतं किती दिवस?

मेंदूविचार
नाटकं मुळीच नाहीत, हे घरच्यांना आधी सांगा.

ताणाचा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधलं सीआरएच हे संप्रेरक पिट्यूटरी ग्रंथीला देतं, तिचं एसीटीएच हे संप्रेरक मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीला. ओपिऑइड सीआरएच दाबून धरतात, म्हणून एसीटीएच आणि ॲड्रिनलचं कॉर्टिसॉलही खाली राहतं. नशा बंद झाली की दाब सुटतो आणि तिन्ही उसळतात. सोबत लोकस सेरुलियस या मेंदूतल्या केंद्रातून नॉरॲड्रिनलिनचा (शरीराला सावध करणाऱ्या रसायनाचा) लोंढा येतो. घाम, अंगावर काटा, धडधड ही बरीचशी त्याची. हेरॉइनमध्ये हा विड्रॉल (नशा सुटल्यावरचा त्रास) ८ ते १२ तासांत सुरू होतो, ३६ ते ७२ तासांत शिगेला पोचतो आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. मेथाडोनमध्ये (उपचारात हेरॉइनऐवजी देतात ते ओपिऑइड औषध) सुरुवात उशिरा, पण मुक्काम दोन-तीन आठवडे.

सीआरएच ते कॉर्टिसॉल ही तणावाची यंत्रणा मात्र फार मागून सावरते. तुटक झोप, चिडचिड, कशातच गोडी नसणं काही महिने रेंगाळू शकतं. रॉकफेलर विद्यापीठात मेरी जीन क्रीक यांच्या गटाने मेटिरापोन (कॉर्टिसॉल बनणं तात्पुरतं रोखणारं औषध) देऊन ही यंत्रणा तपासली होती. हेरॉइन सोडून कोणतंही औषध न घेणाऱ्यांमध्ये ती गरजेपेक्षा जास्त उसळली. दीर्घकाळ स्थिर डोसवर मेथाडोन घेणाऱ्यांमध्ये ती सर्वसामान्य निघाली. 'औषधावर आहे म्हणजे सुटलाच नाही' असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

अंतःस्रावी
मनीषाताई, सरसकट तपासणी नको. कॉर्टिसॉल जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. दुपारचा नमुना सकाळच्या मर्यादेशी ताडला की उगाच घबराट होते.

तपासायचं ते उलट, म्हणजे कॉर्टिसॉल कमी पडत असल्याच्या शंकेसाठी: उभं राहताच चक्कर, कमी रक्तदाब, मळमळ, घटतं वजन, कमी सोडियम. वर्षानुवर्षं ओपिऑइड घेतलेल्या काहींचं कॉर्टिसॉल खरोखरच अपुरं पडतं, आणि ही लक्षणं विड्रॉलच्या नावावर खपून जातात. सकाळी ८ च्या सुमारास रक्त द्यावं. ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर कमतरतेची दाट शक्यता. १८ च्या वर असेल तर ती जवळपास नाहीच. मधल्या आकड्याला २५० मायक्रोग्रॅम कोसिन्ट्रोपिन (कृत्रिम एसीटीएच) देऊन ३० आणि ६० मिनिटांनी पुन्हा नमुने घेतात. दम्याचा इनहेलर, सांध्यातलं स्टिरॉइडचं इंजेक्शन, त्वचेचं मलम चालू आहे का, हे विचाराच. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी आकडा खोटा फुगतो.

समुपदेशक_मनीषा
'कॉर्टिसॉल कमी करणाऱ्या' पूरक गोळ्या बरेच जण आणतात. आणि विड्रॉलमध्ये देतात ते क्लोनिडिन (रक्तदाबाचं औषध)?

मेंदूविचार
त्या गोळ्यांवर पैसे घालवू नयेत. क्लोनिडिन नॉरॲड्रिनलिनचा जोर कमी करतं, पण नशेची ओढ फारशी शमवत नाही. प्रत्येक डोसआधी रक्तदाब मोजायचा, आणि नियमित घेतल्यावर एकदम बंद करायचं नाही. रक्तदाब उलटून चढतो. नाल्ट्रेक्सोन (ओपिऑइडचा परिणाम रोखणारं औषध) सुरू केल्यावर कॉर्टिसॉल वाढतं, त्यामुळे त्या काळातला अहवाल जपून वाचावा.

भडका उडालेल्या दिवशी ओढही वाढते, आणि नशा झेपवण्याची शरीराची सवय तर एव्हाना उतरलेली असते. जुना डोस आता श्वास थांबवू शकतो. घरात नॅलोक्सोन (ओपिऑइडचा अतिडोस उतरवणारं औषध) ठेवायला आणि ते वापरायला घरच्यांना याच आठवड्यात शिकवा.