काल्पनिक धर्मातला पुजारी दिवसभर करतो तरी काय?

कोरीपाटी:
कादंबरीसाठी एक धर्म रचते आहे. नदीकाठचं गाव, तिथे दीपदेवतेचं देऊळ. दिवा कधीच विझू द्यायचा नाही, हा मूळ नियम. वीज नाही, घड्याळ नाही. देवळात एक वयस्क पुजारी आणि दोन शिष्य. अडचण अशी की माझा पुजारी नुसता आशीर्वाद देतो आणि भविष्य सांगतो. उठल्यापासून निजेपर्यंत त्याला काम काय असेल? तेल किती लागेल, ते देणार कोण, आणि बिघडण्यासारखं काय काय आहे? धर्म खोटा असला तरी कामं खरी वाटायला हवीत.

तेलवात:
आधी तेलाचा हिशेब मांडा, पुजाऱ्याचा निम्मा दिवस त्यातच निघेल. समईतली मध्यम जाडीची कापसाची वात तासाला साधारण ६ मिली तेल पिते. म्हणजे दिवसाला दीडशे मिलीच्या आसपास, वर्षाला ५०-५५ लिटर. घाण्यावर तिळाचा उतारा ४० टक्के धरला तर एका वातीमागे वर्षाकाठी सव्वाशे किलो तीळ. पाच वाती ठेवल्यात तर सहाशे किलोंच्या वर. एवढे तीळ येतात कुठून, हे ठरवलंत की गावाचं आणि देवळाचं नातं ठरलंच.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिलालेखांत याची झकास सोय आहे: एका नंदादीपासाठी ९६ मेंढ्या. त्या देवळाने पाळायच्या नाहीत. धनगरांकडे सोपवायच्या आणि त्यांनी रोज ठरलेलं मापभर तूप आणून घालायचं. चोळ राजांच्या लेखांत अशा मेंढ्यांना ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ म्हटलंय, कारण एक मेली की तिच्या जागी दुसरी उभी करणं ही धनगराची जबाबदारी. कळपाचा आकडा कायम तोच. तुमच्या कादंबरीत एखादा दुष्काळ असेल तर हा करार तिथे बरोब्बर टोचेल.

आता बिघाड. वातीच्या टोकाला काजळी धरते, मग ज्योत आखडते आणि धुरकटते. दर दोन-तीन तासांनी चिमट्याने काजळी झाडून वात पुढे सारावी लागते. वात बदलताना नवी आधी तेलात भिजवून जुन्या ज्योतीवर पेटवायची, ती नीट धरली की मगच जुनी काढायची. तेलात पाणी गेलं की तडतडतं. पावसाळ्यात वाती सादळतात. थंडीत तूप गोठतं, वातीतून वर चढतच नाही. आणि उंदीर! तेलात भिजलेली वात ते ओढून नेतात, प्रसंगी पेटतीसुद्धा. म्हणून दिव्याभोवती जाळी हवी, आणि ती जाळी रोज घासणं हे धाकट्या शिष्याचं काम.

गरुडखांब:
तिघेच असतील तर कामं वाटून द्या, नाहीतर सगळे सगळं करताना दिसतील. पंढरपूरला विठ्ठलाच्या नित्योपचारात बडव्यांखेरीज (हे देवळाचे वंशपरंपरागत प्रमुख पुजारी) सात सेवाधारी होते आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं. पुजारी पूजा करणार, बेणारी मंत्र म्हणणार, परिचारक स्नानाचं पाणी आणणार, हरिदास पदं गाणार, डिंगरे पोशाख झाल्यावर देवाला आरसा दाखवणार, दिवटे दिवटी धरणार, डांगे चांदीची काठी घेऊन उभे राहणार. आरसा धरण्याचाही हक्क असे आणि तो वारशाने जाई. हक्क म्हटला की तंटा आला: वंशपरंपरागत हक्क काढून घेणारा कायदा १९७३ चा, शेवटचा निकाल लागला २०१४ मध्ये.

उत्सवात दिनक्रम मोडतो, तेही दाखवा. आषाढीला देवाचा पलंग काढतात, पाठीशी लोड देतात आणि दर्शन रात्रंदिवस चालू राहतं. शेजारती बंद. उत्सव संपल्यावरच्या प्रक्षाळपूजेनंतर पुन्हा नेहमीचं सुरू.

उंबरगावकर:
अग्नी विझू न देणारा धर्म आपल्या शेजारीच आहे, पारशांचा. गुजरातेतल्या उदवाड्याच्या इराणशाहसारख्या आतशबेहरामात (सर्वोच्च दर्जाच्या अग्निमंदिरात) दिवसाचे पाच गाह, म्हणजे प्रहर: सूर्योदय ते माध्यान्ह, माध्यान्ह ते तीन, तीन ते सूर्यास्त, सूर्यास्त ते मध्यरात्र, मध्यरात्र ते पहाट. दर गाह बदलला की ‘बोई’: धर्मगुरू अग्नीवर चंदनाचे तुकडे (सहसा सहा) रचून ठेवतो, प्रार्थना म्हणतो, घंटा वाजवतो. तोंडावर पदान, म्हणजे पांढरा पडदा, कारण श्वास आणि थुंकी अग्नीला लागता कामा नये. म्हणजे मध्यरात्रीनंतरही एकाला उठावंच लागतं. तुमचा पुजारी अपुऱ्या झोपेचा माणूस असणार, त्याचा स्वभावही त्या मानाने लिहा.

एक गंमत: कॅलेंडरच्या हिवाळ्यात दुपारचा गाह धरत नाहीत. पण पारशांच्या शहेनशाही कॅलेंडरला लीप वर्ष नसल्याने ते सरकत गेलंय, नववर्ष ऑगस्टमध्ये येतं. साहजिकच कॅलेंडरचा हिवाळा आणि बाहेरची थंडी यांचा मेळ राहिलेला नाही. काल्पनिक धर्मात असा घोळ जरूर ठेवा.

कोरीपाटी:
मंडळी, खजिनाच उघडलात! दोन शंका. यांचं पोट कशावर? आणि घरात मृत्यू झाला, सुतक आलं, तर दिवा कोण बघणार?

काळीमाती:
पोटासाठी प्राचीन इजिप्तची पद्धत उचला. देवासमोर रोज भाकरी, मांस, बिअर मांडायची. देवाचं झालं की तेच अन्न पुजाऱ्यांत हुद्द्याप्रमाणे वाटायचं. तिथे बहुतेक पुजारी अर्धवेळ असत. चार तुकड्या, एकेकीने एक महिना सेवा करायची आणि तीन महिने आपापल्या कामाला जायचं, इ.स.पू. २३८ मध्ये पाचवी तुकडी वाढवली. सेवेच्या महिन्यात अंगावरचे सगळे केस काढायचे आणि तागाचंच वस्त्र नेसायचं.

सुतकाचं उत्तर यातच आहे: पुढच्या पाळीचा माणूस आधी येतो. तुमच्याकडे तिघेच, त्यात दोन शिष्य एकाच घरातले केलेत तर एका मृत्यूने दोघे बाद आणि दहा दिवस म्हातारा एकटा. कथानक म्हणून मला हे भविष्यवाणीपेक्षा कितीतरी बरं वाटतं.

तेलवात:
घड्याळ नाही म्हणता, तर घटिकापात्र द्या. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, २४ मिनिटांत बुडते. अहोरात्रात ६० घटका. बुडाली की टोला द्यायचा, वाटी रिकामी करून पुन्हा सोडायची. जागा राहणाऱ्याला काजळी झाडायची वेळ त्यावरूनच कळेल: सहा-सात घटकांनी एकदा. मात्र नदीचं पाणी फडक्यातून गाळून घ्यायला सांगा. गाळाने भोक बुजत आलं की घटका लांबते आणि पहाटेची पूजा ऊन वर आल्यावर होते.