वेल्समध्ये आई-बाबांना घेऊन दिवसभर कुठे जावं, आणि डब्यात काय न्यावं?

नवखी_कार्डिफ

नमस्कार मंडळी. आम्ही गेल्या वर्षी कार्डिफला आलो, रोथ भागात राहतो. जूनच्या मध्याला माझे आई-बाबा साताऱ्याहून येतायत, ऑगस्टअखेरपर्यंत राहतील. आई अंडंसुद्धा खात नाही, आणि ज्या तव्यावर मांस परतलंय त्या तव्यावरचं काही तिच्या घशाखाली उतरणार नाही. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांना मधुमेह आहे, जेवणाची वेळ टळली की हातपाय थरथरतात. दोघंही सपाटीवर छान चालतात, चढ मात्र नको.

शनिवारी-रविवारी गाडी असते. बुधवारी मला सुट्टी असते, पण तेव्हा गाडी नवरा घेऊन जातो, म्हणजे बस नाहीतर ट्रेन. सकाळी निघून संध्याकाळी घरी यायचं, घरचा डबा न्यायचा, एवढीच अपेक्षा. पाऊस आला तर डबा कुठे उघडायचा? काय नेलं तर टिकतं? आणि इथलं असं काही आहे का जे आईला निर्धास्तपणे चाखवता येईल? आषाढी एकादशीही त्यांची इथेच होणार आहे.

रानजाई

मी न्यूपोर्टजवळ राहते. माझी मुलं इथेच लहानाची मोठी झाली आणि माझ्याकडेही सासू-सासरे दोन-तीन उन्हाळे येऊन राहून गेले, त्यामुळे तुझा प्रश्न अगदी जवळचा वाटला.

आधी एक सांगते. इथे सहल ठरवताना पहिल्यांदा डबा कुठे उघडायचा ते ठरव, बाकीचं त्यामागून. वारा समुद्रावरून येतो आणि पाऊस त्याच्याबरोबर आडवा येतो, जुलैतसुद्धा. नुसतं सुंदर ठिकाण बघून गेलं की म्हातारी माणसं गाडीत बसून मांडीवर डबा घेऊन जेवतात आणि त्यांना वाटतं आपण मुलांना त्रास देतोय. डोक्यावर छप्पर, पाठीला भिंत आणि जवळ स्वच्छतागृह, एवढं असलं की हीच माणसं दिवसभर खुश असतात.

बुधवारसाठी सेंट फॅगन्सचं संग्रहालय डोळे मिटून निवड. शहराच्या मध्यातून बस जाते, प्रवेश फुकट आहे. 1948 मध्ये सुरू झालेलं हे उघड्यावरचं संग्रहालय. वेल्सभरातली जुनी घरं, शाळा, दुकानं, एक चर्चसुद्धा दगड-विटा मोजून उचलून इथे आणून पुन्हा उभी केली आहेत. आईला घेऊन सरळ मर्थरहून आणलेल्या कामगारांच्या चाळीकडे जा. एका ओळीत सहा घरं आहेत आणि प्रत्येक घर वेगळ्या काळातलं लावलंय: 1805, 1855, 1895, 1925, 1955, 1985. पहिल्या घरात चूल आणि शेवटच्यात टीव्ही. माझ्या सासूबाई प्रत्येक स्वयंपाकघरात थांबून "पाणी कुठून आणत असतील गं, राख कुठे टाकत असतील" असं विचारत होत्या. सहा घरांना आम्हाला दुपार पुरली नाही. शिवाय गावर (Gower) या द्वीपकल्पातलं एक शेतघर आहे, बाहेरून लालभडक रंगवलेलं. वाईट शक्ती घराजवळ येऊ नयेत म्हणून तो रंग. हे सासूबाईंना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

तिथे जेवायला बाकं-टेबलं आहेत, पाऊस आला तर जवळच्या घरात शिरता येतं. आतल्या जुन्या भट्टीतला पाव ताजा मिळतो. पाव घ्यायला हरकत नाही, गोड पदार्थ घेताना मात्र अंड्याचं विचार.

ट्रेनने दोन दिवस आणखी होतील. बॅरी आयलंडला कार्डिफहून अर्ध्या तासात गाडी थेट किनाऱ्याशी सोडते. फिरायचा रस्ता सपाट आहे आणि वाळूच्या कडेला जुन्या पद्धतीचे लांबलचक छपरी निवारे आहेत, त्यात बसायचं. डबा उघडताना समुद्रपक्ष्यांकडे लक्ष असू दे. हातातली पुरी उचलून नेतात आणि बाबांसारख्या माणसाला ते दचकवणारं असतं. दुसरं कर्फिली. मोठा भुईकोट, सभोवती पाण्याचे रुंद खंदक. 1268 मध्ये बांधायला घेतला होता. त्याचा एक बुरूज पिसाच्या मनोऱ्याहूनही जास्त कललाय आणि तसाच उभा आहे. आत जायला तिकीट लागतं, पण खंदकाच्या कडेने हिरवळीवरून फेरी मारायला काही लागत नाही, आणि सातारकरांना किल्ल्याचं वर्णन मी काय सांगू! पावसाच्या दिवशी मात्र कर्फिली नको, बाहेर आडोसा फारसा नाही.

आता डबा. बाबांसाठी वेळ पाळायची तर डबा असा हवा की बसल्याबरोबर दोन मिनिटांत तोंडात घास गेला पाहिजे. गरम करायची, कालवायची कटकट नको. दुधात भिजवलेल्या दशम्या संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ, काकडीच्या फोडी वेगळ्या. दहीभात कालवताना निम्मं दूध घाल, म्हणजे दुपारपर्यंत आंबट होत नाही. गारव्यात मात्र दहीभात कुणी खात नाही, त्या दिवशी थर्मासमध्ये मुगाचं कढण ने. पेल्यातून पिता येतं आणि बोटं शेकतात. चहा तिथला घ्या, बाहेर बसून चहा प्यायचा आनंद आई-बाबांचा हिरावून घेऊ नका.

इथल्या भाज्यांबद्दल मला मनापासून बोलायचंय. आपण नवीन आलो की सिटी रोडवर मेथीच्या जुडीसाठी हिंडतो. हिंडावं, पण लीककडेही, म्हणजे कांद्याच्या जाड पातीसारख्या भाजीकडेही, बघावं. वेल्सचं चिन्हच ते, 1 मार्चला सेंट डेव्हिडच्या दिवशी लोक कपड्यांवर लावतात. त्याचा झुणका कांद्याच्या पातीच्या झुणक्याच्या तोडीस तोड होतो. उभा चिरायचा, पापुद्र्यांमधली माती वाहत्या पाण्याखाली धुवायची, मग बारीक चिरायचा. तेलात मोहरी, हिंग, हळद, तिखट, त्यावर लीक. पाणी अजिबात घालायचं नाही, त्याचं त्यालाच सुटतं. ते दिसलं की बेसन पेरायचं, झाकण ठेवायचं, मंद आचेवर मोकळं होऊ द्यायचं. हिरवा भाग इथे बरेच जण फेकतात. तो थालीपिठात घाल.

आईला चाखवायचं तर वेल्श केक घरी कर. बाहेरच्यात जवळपास नेहमीच अंडं असतं, आणि जुन्या पद्धतीत डुकराची चरबीही. घरी 225 ग्रॅम सेल्फ रेझिंग पिठात (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा) 110 ग्रॅम गार लोणी बोटांनी चोळायचं, 80 ग्रॅम साखर, मूठभर काळ्या मनुका, किंचित जायफळ. दोन-तीन चमचे दुधात गोळा बांधायचा. जाडसर लाटून वाटीने गोल कापायचे आणि आपल्या पोळीच्याच तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजायचे. हा पदार्थ इथेही तव्यावरचाच, ओव्हनमधला नाही. बाबांना अर्धा दे.

ग्लॅमरगन सॉसेज नाव ऐकून दचकू नकोस, ते बिनमांसाचं असतं: लीक, कर्फिली चीज आणि पावाचा चुरा. बांधायला बहुतेक अंडं वापरतात, त्याऐवजी उकडलेला बटाटा घाल. चीज घेताना पाकिटावर शाकाहारींना चालेल असं लिहिलेलं हवं, कारण काही चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. पाकिटावर अंडं आणि दूध उठून दिसेल असं छापणं कायद्याने बंधनकारक आहे, बहुतेक ठळक अक्षरांत असतं, म्हणून ते पटकन दिसतं. रेनेट आणि जिलेटिन ठळक नसतात, ते शोधूनच वाचावे लागतात. आणखी एक, चीज टोस्ट म्हणून वेल्श रेअरबिट मागवलंस तर त्यात वूस्टर सॉस असतो का ते विचार, त्यात मासे असतात.

आई चातुर्मासात कांदा-लसूण सोडत असतील तर आषाढीनंतर लीकही बंद, तो कांद्याच्याच कुळातला. त्या दिवसांत पेंब्रोकशरचे नवे बटाटे येतात, मे ते जुलै. पातळ सालीचे, सोलायचेही नाहीत. उकडून जिरं-मिरचीवर परतले की एकादशीचा डबा झाला. जोडीला साबुदाण्याचे वडे आदल्या रात्री तळू नकोस, सकाळी तळ.

स्वानसीकर

रानजाईताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी गावरची भर घालतो. एका शनिवारी रोसिलीला जा. गावातल्या गाडीतळापासून टोकाच्या टेहळणी चौकीपर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे. समोर वर्म्स हेडचं लांब खडकाळ बेट दिसतं. ओहोटीच्या आधी-नंतर साधारण अडीच तासच तिकडे जायचा खडकांचा मार्ग उघडा असतो, भरतीत माणसं अडकतात. आई-बाबांना घेऊन तिकडे उतरू नका, वरूनच बघा. वरून बघण्यातच मजा आहे.

येताना स्वानसीच्या मंडईत थांबा. तिथे लेव्हरब्रेड मिळतो. नावात ब्रेड असला तरी ते तासन्‌तास शिजवलेलं समुद्रशेवाळ आहे, काळपट हिरवं. मूळ पदार्थ पूर्ण शाकाहारी, पण इथले लोक बेकनच्या चरबीत परततात आणि विक्रीच्या टेबलावर शेजारीच शिंपल्यांचे ढीग असतात. आईंना तिथे उभं करू नका, तुम्ही घेऊन या. आमच्याकडे त्यात ओट्सचं पीठ, थोडं बेसन, ओवा आणि हिरवी मिरची घालून चपट्या वड्या तव्यावर खरपूस करतात. चव अळूच्या अंगाने जाते, मीठ मात्र बेतानं.

देवळाची ओढ असेल तर कारमार्दनशरमध्ये स्कंद वेल आहे, 1973 पासूनचा आश्रम. दरीत मुरुगनचं मंदिर आहे, पूजा होते, येणाऱ्यांना शाकाहारी प्रसादाचं जेवण मिळतं. जाण्याआधी त्यांचे नियम आणि पूजेच्या वेळा बघून घ्या. माझी आई तिथून निघायला तयार नव्हती.

धरणवेडा

पाटबंधारे खातं वाचलं आणि राहवलं नाही. बाबांना एलन खोऱ्यात न्या! कार्डिफहून गाडीने बराच पल्ला आहे, दोन तासांच्या वर धरा, पण त्यांच्यासाठी याहून मोठी भेट वेल्समध्ये नाही. बर्मिंगहॅमला पाणी देण्यासाठी बांधलेली दगडी धरणं, 1904 मध्ये उद्घाटन झालं. पाणी 118 किलोमीटर नुसत्या उताराने जातं, पंप नाही. उतार किती, तर 2300 फुटांना एक फूट. पोचायला दीड दिवस लागतो. हा आकडा त्यांना कागदावर मांडून दाखवावासा वाटेल बघा. पाऊस पडून गेल्यावर जा, धरणांवरून पाणी पांढरं होऊन कोसळत असतं. गाडीतून एकामागोमाग एक धरणं बघता येतात, चढावं लागत नाही.

तेवढं लांब नको असेल तर A470 रस्त्याने मर्थरच्या वर टाफ खोऱ्यातले तलाव बघा, खास कार्डिफच्या पाण्यासाठी बांधलेले. खालचा ल्विन ऑन 1926 चा. त्याच्या वरच्या अंगाला गार्वनंटला झाडीत लाकडी टेबलं आहेत. तुमच्या घरच्या नळाला येणारं पाणी कुठून निघतं ते त्यांना दाखवता येईल.

नवखी_कार्डिफ

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना फोनवर 2300 फुटांना एक फूट सांगितलं, तर ते म्हणाले, "कालव्याच्या बाजूची भिंत कशाची आहे ते विचार." धरणवेडा, उत्तर असेल तर सांगा. रानजाईताई, थालीपिठाचं पीठ लीक घालून आदल्या रात्री भिजवून ठेवलं तर चालेल? बुधवारी आठला निघायचं तर सकाळी वेळ कमी.

धरणवेडा

बराचसा मार्ग जमिनीखालून बोगद्यांतून आणि झाकलेल्या कालव्यांतून जातो, आत विटा आणि काँक्रीट. नद्या-दऱ्या आल्या की लोखंडी-पोलादी नळ. त्यांना एलनच्या माहिती केंद्रात अर्धा तास जास्त द्या.

रानजाई

रात्री भिजवू नकोस गं, लीकला मिठाने पाणी सुटतं आणि सकाळी पीठ थापता येत नाही. लीक चिरून, धुऊन, कापडावर कोरडा करून डब्यात फ्रीजमध्ये ठेव. भाजणी, तीळ, ओवा, तिखट दुसऱ्या डब्यात कोरडं मिसळून ठेव. सकाळी दोन्ही एकत्र करून मीठ घालायचं आणि लगेच थापायला घ्यायचं. दोन तवे लाव, पाऊण तासात आठ-दहा होतात. गरम असताना डबा बंद करू नकोस, घाम धरतो. आणि बाबांचं एक थालीपीठ वेगळं कागदात गुंडाळून त्यांच्याच खिशात दे. बस उशिरा आली तर कुणाला विचारायला नको.