अवरक्त संवेदक विकत घ्यावेत की इथेच घडवावेत?

अगस्ती (मूळ लेख)
२०१५ मध्ये अवकाशात गेलेली ॲस्ट्रोसॅट वेधशाळा अवरक्त (इन्फ्रारेड) किरण टिपत नाही. पुढे भारताने अवरक्त दुर्बीण पाठवायची ठरवली, तर तिचे संवेदक आपणच घडवावेत, असे माझे ठाम मत आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने लडाखमधील हानले येथील दुर्बिणीवर टिर्स्पेक आणि उत्तराखंडातील देवस्थळ येथील दुर्बिणीवर टॅनस्पेक ही अवरक्त उपकरणे बसली, याचा मला अभिमान आहे. परंतु दोन्हींच्या गाभ्यातले संवेदक अमेरिकी आहेत, आणि अशा वस्तूंची निर्यात तिकडच्या सरकारच्या परवानगीवर अवलंबून असते. ज्यापासून असे संवेदक बनतात त्या मर्क्युरी (पारा) कॅडमियम टेल्युराइडवर दिल्लीच्या संरक्षण प्रयोगशाळेत पूर्वीपासून काम झालेले असताना खगोलशास्त्राने हात का आखडावा?

व्याध
मी असहमत आहे. सैनिकी थर्मल कॅमेऱ्यापुढे उष्ण वस्तूंच्या प्रकाशाचा पूर असतो, तर दूरच्या दीर्घिकेकडून प्रत्येक पिक्सेलवर मोजके फोटॉन येतात. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निकट-अवरक्त कॅमेऱ्यातील संवेदकांचा डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही पिक्सेलमध्ये साठणारा प्रवाह, सेकंदाला साधारण एक शतांश इलेक्ट्रॉन इतका कमी ठेवावा लागतो आणि त्यासाठी ते सुमारे ४० केल्विनला थंड करावे लागतात. २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलांच्या एका संवेदकात अवरक्त थर आणि त्याखालची सिलिकॉनची वाचन-चिप यांना सुमारे ४२ लाख इंडियमचे ठिपके जोडतात, तेही अवघ्या १८ मायक्रॉनच्या अंतराने. थंड होताना दोन्ही थर वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि तरीही एकेक ठिपका टिकावा लागतो. ज्यांनी यात हयात घालवली, त्यांचेही वेबसाठीचे काही संवेदक या जोडणीतील संरक्षक थराच्या चुकीच्या रचनेमुळे नुसते साठवणीत ठेवलेले असताना बिघडू लागले आणि उड्डाणापूर्वी बदलावे लागले. आपली पहिलीच दुर्बीण अशा जोखमीवर टांगणे मला योग्य वाटत नाही.

चित्रा
व्याध यांनी सांगितलेली अडचण खरी आहे, मात्र सगळ्या अवरक्त कॅमेऱ्यांना वेबचा मापदंड लावणे मला पटत नाही. पारा आणि कॅडमियम यांचे प्रमाण बदलले की संवेदक कोणत्या तरंगलांबीपर्यंत पाहील ते बदलते. हबलवर २००९ मध्ये बसवलेल्या कॅमेऱ्याचा अवरक्त संवेदक १.७ मायक्रॉनलाच थांबवला होता, कारण हबलची दुर्बीण उबदार आहे आणि त्यापुढे तिचीच उष्णता चित्रात उतरली असती. म्हणूनच तो संवेदक १४५ केल्विनवर, केवळ विजेवरच्या शीतकांनी थंड करून चालला. आपणही तिथूनच आरंभ करावा.

अगस्ती
चित्रा, १.७ मायक्रॉनची मर्यादा मला मान्य आहे. व्याध, आपला मुद्दाही मी टाळत नाही: देशी संवेदक आधी हानलेच्या दुर्बिणीवर काही वर्षे चालवावा, न पुसता पुन्हा पुन्हा वाचलेल्या पिक्सेलचा आलेख सरळ चढतो का आणि तेजस्वी ताऱ्याची छाया पुढच्या चित्रात किती वेळ रेंगाळते हे तपासावे.

व्याध
हानलेच्या चाचणीला माझी हरकत नाही. परंतु पहिल्या उड्डाणाची तारीख त्या चाचणीवर अडवून ठेवू नये. त्या उड्डाणासाठी संवेदक विकतच घ्यावा, या मतावर मी कायम आहे.