उरलेलं यीस्ट कसं ठेवायचं आणि भांडी किती साफ करायची?

नवशिका_लीड्स: नमस्कार मंडळी, मी इकडे इंग्लंडमध्ये घरी बिअर करायला लागलोय, पहिली बॅच बरी झाली पण दुसरी आंबट निघाली, 20 लिटर सगळी ओतून दिली, फार वाईट वाटलं. 11.5 ग्रॅमच्या पाकिटातलं उरलेलं अर्धं यीस्ट चिमटा लावून महिनाभर ड्रॉवरमध्ये ठेवलेलं, तेच टाकलं. चूक यीस्टची की माझ्या साफसफाईची?

बार्लीवाला: दोन्ही असू शकतं. यीस्ट अशक्त असलं की आंबायला उशीर होतो आणि तेवढ्या वेळात दुसरे जंतू घुसतात. कोरडं यीस्ट फ्रिजमध्येच ठेवा, उघडलेलं पाकीट घट्ट बंद करून आठवड्याभरात संपवा. खरं सांगू का, 20 लिटरला अख्खं पाकीटच टाका.

फेसाळ: बादली आतून बघा आधी, चरे असतील तर बदलाच, चऱ्यात जंतू बसतात ते निघत नाहीत. आणि धुणं वेगळं, जंतू मारणं वेगळं, आधी मऊ स्पंजने धुवायचं, मग स्टारसॅन (जंतू मारायचं द्रव), लिटरभर पाण्याला साधारण दीड मिली, एक-दोन मिनिटं सगळीकडे ओलं राहू द्यायचं. फेस राहिला तरी चालतो, नळाच्या पाण्याने परत धुऊ नका!! बिअरचा रस (आंबवायच्या आधीचा) उकळून गार झाल्यावर त्याला जे जे लागणार, नळी, चमचा, झाकण, अगदी पाकीट कापायची कात्रीसुद्धा, सगळं स्टारसॅनच्या पाण्यात बुडवा.

नवशिका_लीड्स: कात्री कधीच नव्हती बुडवली. बिअर झाल्यावर तळाला बसलेला यीस्टचा गाळ पुढच्या बॅचला चालेल?

बार्लीवाला: चालतो, विरजण राखतो तसंच. उकळलेल्या बरणीत भरा, झाकण सैल ठेवा कारण गॅस होतो, फ्रिजमध्ये दोनेक आठवडे. पण आंबट झालेल्या बॅचचा अजिबात नको.