विषय : सोलापूरच्या ट्रस्टची वर्गणी आणि ताळेबंद

मंडळी, नमस्कार.

मागच्या बैठकीत कोणी तरी, आपलं मंडळ सोलापूरच्या ज्या ट्रस्टला वर्गणी पाठवतं त्याचा ताळेबंद मागवू म्हणालं. ट्रस्ट चालवणारं चार पिढ्यांचं घर आहे ते. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत त्यांच्या पंगतीला आपल्यातले कितीतरी जण जेवलेत. अशांकडे कागद मागणं मला बरं वाटत नाही. ट्रस्ट शेवटी त्यांच्या घरचा आहे.

आपला,
काका (न्यू जर्सी)

---

काका, नमस्कार.

मी सध्या सोलापुरात, साखर पेठेत माहेरी आहे. तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले.

आमच्या आजोबांनीही मुलींच्या शिक्षणासाठी ट्रस्ट काढला होता. दोन गाळे ट्रस्टच्या नावावर. विश्वस्त बदलला की सार्वजनिक ट्रस्टांच्या 1950 च्या कायद्यातल्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आजोबा गेले आणि कोणी दिलाच नाही. परिशिष्ट 1 च्या, म्हणजे तिथल्या ट्रस्ट नोंदवहीच्या, उताऱ्यावर ते अकरा वर्षं विश्वस्त राहिले! एक गाळा चुलतभावाकडे, भाडं आजोबांच्या काळातलं. पैसे कोणी खाल्ले नाहीत, पण विचारणारंही कोणी नव्हतं. रास्त भाडं आलं असतं तर दर वर्षी आणखी दोन-तीन मुलींची फी भरली गेली असती. त्या मुली आता मोठ्या झाल्या असतील, हे मनातून जात नाही.

विश्वस्त सगळे एका घरचे असले तरी काम लोकांसाठी असेल, तर 1950 च्या कायद्याने तो सार्वजनिक ट्रस्टच ठरतो. धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दर वर्षी हिशोब तपासणी. जागा विकायची किंवा गाळा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायचा, तर कलम 36 ची परवानगी आधी घ्यावी लागते. तुमच्या अमेरिकेत तर घरच्या फाउंडेशनचा 990-पीएफ, म्हणजे दर वर्षी भरायचा कर-विवरणाचा फॉर्म, कोणालाही वाचता येतो, आणि फाउंडेशनशी घरच्यांनी खरेदी-विक्री केली तर 1969 पासून दंडात्मक कर बसतो. तिथे कोणी त्याला अपमान म्हणत नाही.

आपल्यापैकी अनेकांकडे आता अमेरिकेचा पासपोर्ट आहे. त्यांची वर्गणी कायद्याने परकीय देणगी होते. ट्रस्टची एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. ते खातं नसेल तर पाठवूच नये, ट्रस्टच अडचणीत येईल.

म्हणून ताज्या उताऱ्याची नक्कल, तीन वर्षांचे तपासलेले हिशोब आणि जागांचं भाडं कोण किती देतं, एवढं मागूया.

आपली,
ताई

---

ताई,

घरचा म्हणालो ते मागे घेतो. एफसीआरएचं तर डोक्यातच नव्हतं. वर्गणी तोवर थांबवूया. त्या घरी माझं जाणं-येणं होतं, तेव्हा पत्र मंडळाच्या नावाने नको, माझ्या नावाने जाऊ दे. मसुदा रविवारी पाठवतो. भाड्याचा मुद्दा नीट कसा विचारायचा, तेवढं तू बघ.

काका