लहानपणीच्या रायडिंगच्या मैत्रिणी मिळून स्वतःचं घोडेस्वारीचं ट्रेनिंग सेंटर काढतोय, सल्ला हवाय

दुडकी:
नमस्कार मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे, सांभाळून घ्या. आम्ही तिघी शाळेत असल्यापासून पुण्यात एकत्र रायडिंग शिकलो, पहाटे उठून, थंडीत, आईच्या शिव्या खात. मग एक वेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर झाली (प्रॅक्टिस मुख्यतः गाईम्हशींची पण घोड्यांचंही करते), एक आयटीत गेली आणि मी घोडे सोडलेच नाहीत, एका क्लबात लहान मुलांना शिकवते. गेली कित्येक वर्षं भेटलो की 'आपलं सेंटर' हा विषय निघायचा आणि बिल आलं की संपायचा. आता मात्र खरंच जमेल असं दिसतंय कारण वेट मैत्रिणीच्या काकांची मावळात साडेतीन एकर जमीन आहे आणि काका म्हणतात दहा वर्षं भाड्याने वापरा.

डोक्यात आहे ते असं, ८-१० घोडे, पागा, एक २० बाय ६० मीटरचा अरीना (रायडिंगचं आखलेलं मैदान), मुलांच्या बॅचेस, पुढे जमलं तर ड्रेसाज (घोड्याकडून ठरावीक चाली अचूक करून घेणं) आणि जंपिंग. पैसे मुख्यतः आयटीवालीचे, वेळ मुख्यतः माझा, जागा आणि डॉक्टरकी तिसरीची. रेसमधून रिटायर झालेले थरोब्रेड फारच स्वस्तात मिळतायत, काही तर नुसते घेऊन जा म्हणतात. ते घ्यावेत का सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाऊन मारवाडी-काठियावाडी घोडे बघावेत? आणि पैसे समान नसताना तिघींचा हिशोब कसा ठेवायचा? ज्यांनी असं काही केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी प्लीज लिहा. नवरा म्हणतो त्यापेक्षा हत्ती पाळा, निदान लोक हातावर पैसे तरी ठेवतील.

पागेवाला:
अभिनंदन आणि सांत्वन दोन्ही 😀 आमची छोटी रायडिंग स्कूल आहे नाशिककडे म्हणून लिहितो. आधी चाऱ्याचं गणित मांडा, अरीना वगैरे नंतर. साधारण ४५०-५०० किलोच्या घोड्याला वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास वाळका चारा धरायचा म्हणजे दिवसाला ९-१० किलो, दहा घोड्यांचा महिन्याला तीन टन झाला, वर ओट, कोंडा, मीठ, घोडाघास वेगळं. पाणी एकेकाला ३०-४० लिटर नुसतं प्यायला, उन्हाळ्यात त्याहून जास्त, धुणं वेगळं. पावसाळ्याचा हा सगळा चारा जूनच्या आधी भरून कोरड्या जागी ठेवायला गोदाम लागतं आणि ते कुणाच्याच प्लॅनमध्ये नसतं, तुमच्याही नाहीये बघा. मावळातल्या पावसात पेंडीला बुरशी आली की संपलं, घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं बाहेर यायला एकच वाट, आणि ती वाट अडली की कॉलिक (पोटशूळ), मग रात्री दोनला तुमची डॉक्टर मैत्रीण आणि तुम्ही त्याला धरून फेऱ्या मारताय. हिरवी ज्वारी स्वस्त मिळते म्हणून गाईंसारखी घोड्यांना घालायला जाऊ नका, मूत्राशयाला सूज येते आणि मागचे पाय लटपटायला लागतात. हे डॉक्टरीणबाईंना माहीत असेलच पण चारा टाकणाऱ्या माणसाला माहीत असायला हवं.

दुसरं म्हणजे माणूस. चांगला सईस मिळणं घोडा मिळण्यापेक्षा अवघड आहे. खरारा, लीद काढणं, खूर साफ करणं, कोण आज नीट खात नाहीये हे सगळ्यात आधी त्याला कळतं. तीन-चार घोड्यांमागे एक माणूस धरा, त्याला राहायला पक्की खोली बांधा, आणि ती पागेच्या आधी बांधा. नालबंदाचं पण बघून ठेवा, दर ५-६ आठवड्यांनी लागतो आणि चांगले सगळे रेसकोर्स धरून असतात, मावळात यायचा एका दिवसाचा वेगळा रेट सांगतात.

पावसाळ्यात बॅचेस निम्म्याच्या खाली येतात, घोडे तेवढेच खातात. चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय पहिला घोडा आणू नका. लिदीचं मात्र टेन्शन नाही, तुमच्या भागात गुलाबाची पॉलिहाऊस आहेत, नर्सऱ्या आहेत, कुजवलेलं खत उचलून नेतील.

तापीकाठचा:
आमचं गाव शहाद्याजवळ त्यामुळे सारंगखेड्याबद्दल बोलायचा हक्क आहे म्हणा 😄 दत्तजयंतीला यात्रा सुरू होते, एकमुखी दत्ताचं देऊळ, तापीच्या काठावर घोडेच घोडे. बघायला जरूर या, विकत घ्यायला लगेच येऊ नका. बाजारात किंमत चढते ती दिसण्यावर, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरं) आहे का, कानांची टोकं भिडतात का, केसांचा भोवरा कुठे आहे, नुकरा (पांढराशुभ्र) असला तर लग्नवाले आधीच उभे. तुमच्या शाळेतल्या आठ वर्षांच्या पोराला भोवऱ्याचं काय करायचंय? त्याला असा घोडा पाहिजे जो बाजूने प्लास्टिकची पिशवी उडाली तरी ढुंकून बघणार नाही. आणि बरेच घोडे नाचायला शिकवलेले असतात, तोंडात काटेरी लगाम घालून, अशा घोड्याचं तोंड पुन्हा मऊ करायला फार वेळ जातो. रेवाल चालीचा मारवाडी लांबच्या फेरफटक्याला मात्र राजा, पाठीवर पाणी हलत नाही.

थरोब्रेडचं म्हणाल तर फुकट घोडा हा सगळ्यात महाग घोडा. दोन वर्षांचा असल्यापासून त्याला पळायला शिकवलंय, लगाम ताणला की तो त्यावर टेकून अजून पळतो, आणि नवशिका माणूस घाबरला की पहिलं काय करतो, लगाम ओढतो. आता सांगा. शिवाय रिटायर का झाला ते विचारा, पुढच्या पायाचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) दुखावलेला असतो बऱ्याचदा. सहा महिने नुसता सोडून, मग वर्षभर शांतपणे काम करून घेतलं तर त्यातले काही सोन्यासारखे निघतात, जंपिंगला तर उत्तमच, पण ते मोठ्या मुलांसाठी. सुरुवातीच्या बॅचला तुम्हाला म्हातारे, कंटाळलेले, आळशी घोडे पाहिजेत. बंद पडणाऱ्या क्लबातून, नाहीतर शिक्षण-नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या मुलांकडून मिळतात. भीमथडी घोड्यांचंही आता पुन्हा नाव निघतंय, मुलांना त्यांची उंची बरी पडते, ते पण बघा.

आणि कुठूनही घ्या, ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. पॉझिटिव्ह आला तर औषध देऊन ठेवता येत नाही, कायद्याने घोडा मारावाच लागतो, माणसालाही होतो हा रोग. नवीन घोडा आला की तीन आठवडे लांब, वेगळ्या बादलीने, वेगळ्या माणसाने.

हिशेबी_काकू:
घोड्यातलं मला शून्य कळतं, एकदा माथेरानला बसले होते तेवढंच. पण मैत्रिणींच्या भागीदाऱ्या मोडताना खूप पाहिल्यात (सीए आहे) म्हणून विचारते, काकांना मुलं किती? ती कुठे असतात? काका आज हो म्हणतायत, दहा वर्षांत जमिनीचा भाव काय होईल आणि तेव्हा निर्णय कोण घेईल? एका वर्षाच्या वरचा भाडेकरार नोंदणी केलेलाच हवा, घरचे आहेत म्हणून कागदावर लिहून ठेवला असं चालत नाही. सातबारावर आणखी कुणाची नावं आहेत तेही बघून घ्या. रायडिंग स्कूल हा धंदा आहे, शेती नाही, त्यामुळे जमिनीच्या बिगरशेती वापराचं तहसीलला आधी विचारा, बांधकाम नंतर.

पैशांचं माझं मत सरळ आहे. आधी कामाचा पगार, मग भांडवलाचा हिस्सा. तू शिकवतेस तर तुला बाजारभावाने पगार, डॉक्टरला व्हिजिटची फी, काकांना भाडं, आणि हे सगळं देऊन जे उरेल ते पैसे घातलेल्या प्रमाणात. पहिली दोन-तीन वर्षं काही उरणार नाही ते वेगळं. पगार न घेता 'आपलंच आहे ग' म्हणत राबणारी सगळ्यात आधी चिडते, आणि ती तूच असणार आहेस असं पोस्टवरून वाटतंय. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा, त्यात कुणी बाहेर पडली तर तिचा हिस्सा कसा मोजायचा ते आत्ताच लिहा.

अजून एक विचारते, राग मानू नका. घोडा आजारी पडला, ऑपरेशनला काही लाख लागतील किंवा कायमचा झोपवावा लागेल, तर कोण ठरवणार? डॉक्टर, का पैसेवाली? आणि कामातून गेलेला घोडा अजून किती वर्षं जगतो?

पागेवाला:
काकूंनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. विशीच्या आसपास शाळेचं काम थांबवावं लागतं, सांभाळला तर २५-३० पर्यंत जगतो. आम्ही प्रत्येक घोड्याच्या कमाईतून दरमहा थोडे त्याच्याच नावाने बाजूला काढतो. ज्यांनी ही सोय केलेली नसते त्यांचे घोडे मग लग्नाच्या वरातीत दिसतात, पुढे कुठे जातात ते विचारू नये.

टाच_खाली:
पालक म्हणून लिहितेय. २०२३ ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आलं, घोडेस्वारीत १९८२ नंतरचं भारताचं पहिलंच सुवर्ण, तेव्हापासून प्रत्येक क्लास मेडलच्या गोष्टी सांगतोय. त्या संघातली चौघं युरोपात वर्षानुवर्षं राहून, तिथल्या घोड्यांवर शिकलीत, हे कुणी सांगत नाही. माझ्या मुलीच्या आधीच्या क्लासात (नाव नको) तिसऱ्या आठवड्यात पोरांना मोकळ्या रिंगणात दुडकीवर सोडलं, रिकिबी लांब, हेल्मेट दुसऱ्याच्या मापाचं, पडली आणि वर आम्हालाच म्हणाले पडल्याशिवाय रायडर होत नाही. तुम्ही लाँजवर, म्हणजे लांब दोरीवर, भरपूर दिवस बसवा, बॅच चार मुलांची ठेवा आणि फी त्या हिशोबाने घ्या. आम्ही देऊ. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांवर जायचं नाही हा नियम बोर्डावर लिहून ठेवा म्हणजे वजनदार बाबांना नाही म्हणताना तुम्हाला लाजायला नको.

दुडकी:
बापरे, एवढं सगळं! खरंच थँक्यू. काकूंची पोस्ट ग्रुपवर टाकली, आयटीवालीने लगेच थम्सअप दिला आणि डॉक्टरीण दोन तास गप्प होती, मग म्हणाली झोपवायचा निर्णय माझा, खर्चाची मर्यादा तिघींची, आणि ते लिहून घ्या. काकांना दोन मुलगे आहेत, एक ऑस्ट्रेलियात, एक तळेगावात, तळेगाववाल्याशी रविवारी बोलतोय.

आता दहा नाही, चारच घोडे, दिवाळीनंतर सुरुवात. पण थरोब्रेडबद्दल तापीकाठच्यांशी मी थोडी भांडणार, आत्ता शिकवते तो सगळ्यात शहाणा घोडा रेसमधलाच आहे, छोटी मुलं त्याच्या पोटाखालून जातात (जाऊ नये, माहितीये). एक तरी घेणारच. बाकी अरीनाचं कुणी सांगा ना, मावळात वाळू टिकते का?

तापीकाठचा:
एक घ्या, पण स्वतःसाठी घ्या 😄

पागेवाला:
टिकते, खालचं काम नीट केलं तर. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच भराव, त्यावर दाबलेला मुरूम, मधून कडेला हलका उतार, चारी बाजूंनी चर, आणि वर वाळू अडीच-तीन इंचच. जास्त घातली की घोड्यांचे टेंडन जातात. २० बाय ६० सगळा एकदम करू नका, २० बाय ४० करा, पुढची २० मीटर जागा मोकळी ठेवा. शेड परवडली तर अर्ध्यावर पत्रे टाका, पावसाळ्यात तेवढ्यावर लाँजच्या बॅच चालतात. घोडे चिखलात उभे राहू देऊ नका, खुरांच्या खाचेत कुजायला लागतं आणि वास येईपर्यंत कळत नाही. पाऊस ओसरला की चावणाऱ्या मोठ्या माशा वाढतात, त्यातून सर्रा (रक्तातल्या परजीवीचा आजार) येतो, ते डॉक्टरीणबाई बघतीलच.

आणि काम सुरू करायच्या आधी जुलैत जागेवर एक चक्कर मारा. पाणी कुठून वाहतं ते काकांना विचारू नका, तिथे गुरं चारतो त्याला विचारा.