जन्म डिसेंबरचा : यंदा लहान गटात घालावे की वर्षभर थांबावे?

प्रश्न : एक आई, फुलेवाडी

आमच्या मुलीचा जन्म डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला असून येत्या जूनमध्ये ती साडेतीन वर्षांची होईल. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंतचे वय धरले जात असल्यामुळे तिला यंदा लहान गटात, म्हणजे ज्युनिअर केजीत, प्रवेश मिळू शकतो. मात्र वर्गातली काही मुले तिच्याहून दहा-अकरा महिन्यांनी मोठी असतील. घरी ती अखंड बोलते, पण परक्या माणसासमोर तोंड उघडत नाही आणि शी-शू आल्याचे घरच्यांखेरीज कुणालाही सांगत नाही. एका शाळेत चौकशीला गेलो असता तिथल्या बाईंनी तिला रंग विचारले, तेव्हा ती माझा पदर तोंडात धरून उभी राहिली, आणि बाहेर येऊन रिक्षात बसताच रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा रंग मोठमोठ्याने सांगू लागली. सासूबाईंना वाटते की थांबल्यास वर्ष वाया जाईल. मूल तयार झाले आहे हे नेमके कशावरून ओळखावे?

उत्तर : निवृत्त बालवाडी शिक्षिका, शिवाजी पेठ

ताई, रंग, आकडे आणि मुळाक्षरे यांवरून तयारी ठरवू नका, कारण त्या गोष्टी मूल वर्गात आल्यावर शिकतेच. माझ्या अनुभवात तयारी दिसते ती डबा खाण्याच्या सुट्टीत : डब्याचे झाकण स्वतः उघडता येते का, चड्डी खाली-वर करता येते का, आणि तहान लागली किंवा दुखले-खुपले तर निदान बाईंचा हात धरून तरी सांगता येते का. पहिले पंधरा दिवस रडणे स्वाभाविक आहे. आई दिसेनाशी झाल्यावर थोड्या वेळाने मूल खेळात रमते की तास न् तास दाराकडेच पाहत राहते, हे मात्र बारकाईने पाहावे.

दुसरी गोष्ट हाताची. मनगटात आठ लहान हाडे असतात आणि या वयात त्यांपैकी साधारण तीन-चारच घडू लागलेली असतात. बाकीची अजून कूर्चाच असते. म्हणून एवढ्या लहान मुलाच्या हाती पेन्सिल देऊन पानेच्या पाने गिरवून घेणारी शाळा मला पटत नाही. त्यापेक्षा भाकरीच्या पिठाचा गोळा मळू द्या, भुईमुगाच्या शेंगा सोलू द्या, दिवाळीत किल्ल्याची माती कालवू द्या. लिहिण्याची खरी पूर्वतयारी तीच आहे. शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले ते याच कोल्हापुरात, त्यामुळे मुलाच्या कलाने शिकवणे आपल्या गावाला नवे नाही. शाळा पाहायला जाल तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यांपेक्षा मुले आपापसांत बोलत आहेत का, याकडे लक्ष द्या.

उत्तर : एक वडील, कसबा बावडा

आमचा मुलगाही डिसेंबरचाच, आणि आम्ही घाई केली. दोन्ही गट त्याने आनंदात काढले. अडचण आली ती पहिलीत. जूनमध्ये तो साडेपाच वर्षांचा होता, आणि फळ्यावरचे उतरवून घेईपर्यंत फळा पुसला जाई. दिवाळीनंतर रोज सकाळी त्याच्या पोटात दुखू लागले, डॉक्टरांना काहीही सापडले नाही. त्याच वर्गात पुन्हा बसवावे असे आम्हाला वाटले, परंतु मित्र पुढे जाणार हे त्याला कळत होते, त्यामुळे तो निर्णय फार जड गेला. म्हणून आपण लहान गटाचा नव्हे, पहिलीचा विचार आजच करावा. यंदा घातले तर ती साडेपाचव्या वर्षी पहिलीत बसेल, थांबलात तर साडेसहाव्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पहिलीआधी पूर्वप्राथमिकची तीन वर्षे धरलेली आहेत. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखीव असलेल्या, २५ टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल, तर तिथे कमाल वयाचीही अट असते, ती आधी पाहून घ्यावी.

उत्तर : नोकरी करणारी आई, उचगाव

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. माझी मुलगीही वर्गात सर्वांत लहान होती, परंतु वर्गात दोन बाई आणि एक मावशी होत्या, त्यामुळे ती छान रुळली. मुलाची तयारी जेवढी पाहता तेवढीच शाळेचीही पाहा. आणि थांबणे म्हणजे घरी बसवणे नव्हे; तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडी आहे, नर्सरीही आहे.

प्रश्नकर्ती आई

सर्वांचे मनापासून आभार. काल तिच्यासमोर डबा ठेवला; तिसऱ्या खेपेस झाकण उघडले आणि निम्मे पोहे मांडीवर सांडले, तरी तिने मला हात लावू दिला नाही. पहिलीचा हिशेब सासूबाईंना समजावून सांगितला, तेव्हा त्यांनीच यंदा नर्सरीत घालण्याचे सुचवले. सोमवारी आम्ही दोघी घराजवळची शाळा डब्याच्या सुट्टीत पाहायला जाणार आहोत.